डॅशकॅमची फुगलेली बॅटरी काढून सुपरकॅपॅसिटर : काय जमतं, कुठे अडतं

ओहमकार (धागाकर्ता)

उन्हाळा सरता सरता डॅशकॅमच्या, म्हणजे गाडीच्या काचेवरच्या कॅमेऱ्याच्या, दोन तक्रारी ठरलेल्या. "मागचं झाकण फुगून उघडलंय" आणि "गाडी बंद करतानाची शेवटची क्लिप चालतच नाही". दोन्हींचं मूळ एकच, आतली लिथियम पॉलिमरची चपटी बॅटरी. ती काढून सुपरकॅपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला झटकन देणारे घटक) बसवता येतात, पण 'दोन तारा कापा, दोन जोडा' इतकं ते सरळ नाही. म्हणून हा धागा.

मुळात ही बॅटरी कॅमेरा चालवायला नसतेच. कॅमेरा चालतो गाडीतून येणाऱ्या ५ व्होल्टवर. बॅटरीचं काम ५ व्होल्ट गेल्यावर चालू फाइल नीट बंद करायचं आणि घड्याळ जिवंत ठेवायचं. काही मॉडेलांत पार्किंगमध्ये धक्का बसला तर थोडं रेकॉर्डिंगही तिच्यावर होतं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली की चित्रण कार्डावर असूनही प्लेअरला उघडत नाही. अपघातात वायरिंग तुटलं तर नेमकी हवी तीच क्लिप जाते.

लिथियम सेल चार्ज करायची नेहमीची मर्यादा ० ते ४५ अंश. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीत काचेमागे ७० सहज होतात. त्यात सेल कायम ४.२ व्होल्टला काठोकाठ भरलेला. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो, आणि पाकीट फुगतं.

सुपरकॅपॅसिटरचं नेहमीचं रेटिंग २.७ व्होल्ट, ६५ अंश. बरेच उत्पादक २.३ व्होल्टपर्यंतच वापरलं तर ८५ अंशांची मुभा देतात. आता दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावून ४.२ व्होल्टच्या चार्जरवर टाकले तर प्रत्येकावर येतात २.१ व्होल्ट. हा योगायोग आपल्या पथ्यावर पडतो.

किती फॅरड (कॅपॅसिटरच्या साठवणीचं माप) लागतात त्याचा हिशोब असा. १० फॅरडचे दोन सिरीजमध्ये म्हणजे ५ फॅरड. कॅमेरा ३.४ व्होल्टला बंद पडतो असं धरलं तर मिळणारी ऊर्जा = ½ × ५ × (४.२² − ३.४²) = सुमारे १५ ज्यूल. कॅमेरा २ वॅट खात असेल तर साडेसात सेकंद. फाइल बंद व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात. ५ फॅरडची जोडी लावली तर पावणेचार सेकंद, म्हणजे काठावर. २५ फॅरडची जोडी १९ सेकंद देते, पण ती भरायलाही त्याच प्रमाणात जास्त वेळ घेते. तो भाग मिलीव्होल्ट यांनी लिहावा, त्यांचा हातखंडा आहे.

नवशिका

५.५ व्होल्ट, १ फॅरड असं छापलेला नाण्यासारखा चपटा सुपरकॅपॅसिटर मिळतो. एकच लावून काम भागेल ना? सिरीज-बिरीजची भानगडच नको. शिवाय बॅटरीच्या जागेत चपखल बसेल.

डाखकाम

बसेल चपखल, चालणार मात्र नाही. तो प्रकार घड्याळ आणि मेमरीला तग धरायला असतो, मायक्रोअँपच्या कामाचा. त्याचा अंतर्गत रोध कित्येक ओहम, अनेकदा दहा-वीस ओहमच्या पुढे. अर्धा अँप ओढायला गेलात की २० ओहमवर १० व्होल्ट पडायला हवेत, आणि तुमच्याकडे आहेत ४.२. म्हणजे ५ व्होल्ट गेले त्या क्षणी कॅमेराही गेला. या कामात सर्वाधिक पैसे याच चुकीत वाया जातात.

पिंपासारखे, दोन पाय खाली असलेले घ्या. १० फॅरड, २.७ व्होल्टचा आकार साधारण १० मिमी व्यास आणि ३० मिमी लांबी, अंतर्गत रोध पन्नास मिलीओहमच्या आसपास. दोघांचा मिळून ०.१ ओहम, म्हणजे ०.६ अँपला जेमतेम ०.०६ व्होल्टची घट. ती चालते.

जागेचं बोलायचं तर बॅटरीवर ५०२०३० असा आकडा असला तर ती ५ मिमी जाड, २० मिमी रुंद, ३० मिमी लांब. १० मिमीचं पिंप तिथे मावणार नाही. ते बाहेर, तारेवरच ठेवायचं. झाकण दाबून बसवायच्या नादात लोक स्क्रीनची रिबन (चपटी केबल) चेपून ठेवतात.

मिलीव्होल्ट

धागाकर्त्यांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाय, तर घ्या.

सगळ्या यूट्यूबी जुगाडांत एक गोष्ट गाळलेली असते. लिथियम चार्जरला ० व्होल्टचा सेल माहीतच नसतो. रिकामा सुपरकॅपॅसिटर त्याला मेलेल्या सेलसारखा दिसतो. मग चार्जर तीनपैकी एक काहीतरी करतो.

बहुतेक चार्जर २.९ व्होल्टच्या आसपासपर्यंत ठिबक-चार्ज देतात, पूर्ण करंटच्या एक दशांश. कॅमेऱ्याचा चार्जर २०० मिलीअँपचा असेल तर ठिबक २० मिलीअँप. ५ फॅरड × २.९ व्होल्ट = १४.५ कूलंब (म्हणजे अँप गुणिले सेकंद). भागिले ०.०२, म्हणजे ७२५ सेकंद. बारा मिनिटं! त्यानंतरचं २.९ ते ४.२ अर्ध्या मिनिटात होतं. म्हणजे गाडी दोन-चार दिवस उभी राहून कॅपॅसिटर उतरला असेल, तर निघाल्यापासून पहिली बारा मिनिटं तुमची शेवटची फाइल रामभरोसे. घर ते भाजी मंडई हा प्रवास तेवढाच असतो.

दुसरा प्रकार, चार्जर १-२ व्होल्टच्या खाली 'शॉर्ट आहे' म्हणून करंटच देत नाही.

तिसरा सगळ्यात त्रासाचा. स्वस्त बोर्डांत कॅमेऱ्याची मुख्य लाइन थेट बॅटरीच्या टोकावरच असते. तिथे कॅमेरा चालू व्हायला बघतो, चार्जर देतो त्यापेक्षा जास्त ओढतो, व्होल्टेज कोसळतं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. लोगो दिसतो-जातो-दिसतो.

तेव्हा काहीही विकत घ्यायच्या आधी बॅटरी पूर्ण सोडवा आणि नुसते ५ व्होल्ट द्या. कॅमेरा नीट चालू होऊन रेकॉर्डिंग सुरू झालं तर बोर्डावर ५ व्होल्टची वेगळी वाट आहे, पुढे जा. लोगोवर गचके खात असेल तर हे मॉडेल सोडून द्या.

बारा मिनिटांवर उपाय आहे. ५ व्होल्ट इनपुटपासून कॅपॅसिटरच्या धन टोकाकडे सिरीजमध्ये एक शॉटकी डायोड (कमी व्होल्ट खाणारा) १एन५८१९, एक साधा डायोड १एन४००७ आणि १० ओहम २ वॅटचा रोध. दोन डायोड मिळून साधारण १ व्होल्ट खातात, म्हणजे ही वाट ४ व्होल्टच्या आसपास थांबते. उरलेलं ४.२ पर्यंत चार्जर स्वतः भरतो. सुरुवातीचा करंट ०.४ अँप, आणि ३.४ व्होल्ट गाठायला दीड मिनिटाच्या आसपास. डायोडमुळे उलट प्रवाह जात नाही, ते महत्त्वाचं. फक्त गाडीचा अडॅप्टर खरोखर दीड-दोन अँपचा हवा, लेबलावरचा नव्हे.

भर उन्हात

एकच शॉटकी लावला तर आणखी लवकर भरेल की. दोन कशाला?

मिलीव्होल्ट

भरेल, पण थांबायला ४.७ वर जाईल. लिथियम चार्जरला ४.२ च्या वरचं व्होल्टेज दिसलं की काही बोर्ड दोष समजून बंद होतात, आणि मुख्य चिपची मर्यादा ओलांडायची जोखीम वेगळीच. दोनच ठेवा.

गिअरबॉक्स

यापेक्षा सोपं सुचतंय. कॅपॅसिटर सरळ ५ व्होल्टच्या इनपुटलाच समांतर टाकायचे. दोन २.७ चे म्हणजे ५.४ व्होल्ट, कॅमेरा उघडायचीही गरज नाही.

ओहमकार

हे सगळ्यांना सुचतं, आणि इथेच फसतं. 'गाडी बंद झाली' हे कॅमेऱ्याला कळतं ते ५ व्होल्ट एकदम गेल्यामुळे. तुम्ही तिथे कॅपॅसिटर लावला तर ५ व्होल्ट जातच नाहीत, हळूहळू उतरतात. कॅमेरा आपला रेकॉर्डिंग करत बसतो, आणि साडेचारच्या खाली आल्यावर जागा होतो तेव्हा मागे काहीच साठा नसतो. जे टाळायचं तेच अधिक सुबकपणे घडतं.

शिवाय रिकामा कॅपॅसिटर अडॅप्टरला शॉर्टसारखा दिसतो. तो गचके खात बंद-चालू होतो. इनपुट झटकन पडलं पाहिजे आणि बॅटरीचं टोक टिकलं पाहिजे, यात अदलाबदल नको.

डाखकाम

आता प्रत्यक्ष काम. क्रम पाळा.

फुगलेला सेल असेल तर आधी ५ व्होल्ट काढून कॅमेरा आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, सेल उतरू द्या. स्क्रू काढून झाकण उघडताना लोखंडी स्क्रूड्रायव्हर आत खुपसू नका. पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड घ्या. सेल दुहेरी टेपने चिकटलेला असतो. कडेने पट्टी सरकवत सोडवा, वाकवू नका, टोचू तर अजिबात नका.

तारा एकेक करून कापा. आधी काळी, तिचं टोक टेपने झाका, मग लाल. कटरच्या एकाच चाव्यात दोन्ही कापल्या की कटरच शॉर्ट होतो, आणि ठिणगी फुगलेल्या पाकिटाशेजारी उडते.

तीन तारा असतील तर तिसरी तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची. ती मोकळी सोडली की चार्जर 'तापमान बिघडलं' समजून चार्जिंग बंद ठेवतो. तिच्यापासून ऋण टोकाला १० किलोओहमचा साधा रोध लावा. मूळ थर्मिस्टर १० किलोओहमचा आहे ना, ते सेल खोलीच्या तापमानाला असताना मल्टिमीटरने आधी मोजून घ्या.

सेलच्या डोक्यावरची छोटी हिरवी पट्टी, म्हणजे संरक्षक बोर्ड, कॅपॅसिटरसोबत वापरू नका. काही बोर्ड ० व्होल्टपासून चार्ज होऊच देत नाहीत, आणि मग दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

कॅपॅसिटरवर पट्टा असलेली बाजू ऋण. पहिल्याचं ऋण दुसऱ्याच्या धनला. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, प्रत्येक पायाला तीन सेकंदांच्या वर नाही. पाय अगदी मुळाशी वाकवू नका, रबरी सील सैल होतं आणि इलेक्ट्रोलाइट उडून जातं.

कॅमेऱ्याला जोडण्याआधी जोडी भरून घ्या. ५ व्होल्ट, मध्ये १० ओहमचा ५ वॅट रोध, मल्टिमीटर लावून ठेवा. साधारण ८० सेकंदांत ४ व्होल्ट दिसतील, तिथेच काढा. विसरून चहाला जाऊ नका, ती जोडी ५ व्होल्टपर्यंत चढेल आणि मग कॅमेऱ्याला जोडण्यालायक राहणार नाही. भरलेल्या जोडीची उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका. ५ फॅरड हसतखेळत पातळ तार जाळतो.

फुगलेला सेल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथे तो दाबला गेला की आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे तो संकलन केंद्रात जायला हवा. तोवर कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर.

भर उन्हात

चिकटवायला ग्लू-गन वापरू नका. काचेमागच्या उष्णतेत तो गोंद मऊ होतो आणि पिंप तारेवर लोंबकळायला लागतं. सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन तांब्याला आणि सोल्डरला खातं.

आणि जागा नीट निवडा. जोडी आरशामागे काचेला चिकटवली तर बॅटरीपेक्षा वेगळं काय केलं? २०-२५ सेंटिमीटर तार घेऊन छताच्या अस्तराच्या कडेत सरकवा. साधारण हिशोब असा की १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. डेटाशीटवर ६५ अंशांना १००० किंवा २००० तास लिहिलेलं बघून घाबरू नका, ते पूर्ण व्होल्टेज आणि पूर्ण तापमानाला सतत ठेवल्यावरचे असतात. तार मात्र २२ गेजच्या आसपासची घ्या. ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून) ओढणार असाल तर एअरबॅगच्या पुढून नाही, मागून.

गिअरबॉक्स

दोन कॅपॅसिटरना समतोल साधायला समांतर रोध लावायचे की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

ओहमकार

लावा. फॅरडची छापील किंमत मागेपुढे असते. एक ८ चा, दुसरा १२ चा निघाला तर ४.२ व्होल्टमधले २.५२ लहानावर येतात. २.७ च्या आत आहे, पण ८५ अंशांसाठीची २.३ ची मर्यादा गेली. प्रत्येकाला समांतर १० किलोओहम.

मिलीव्होल्ट

नम्र असहमती. १० किलोओहम म्हणजे २१० मायक्रोअँप सतत. घड्याळाची चिप ५० मायक्रोअँप खाते धरलं तर रोधांशिवाय ४.२ ते ३ व्होल्ट उतरायला ३३ तास. रोध लावले की साडेसहा तासही नाहीत. सकाळी ऑफिसला लावलेली गाडी संध्याकाळी काढली की तारीख पुन्हा कारखान्यातली.

त्यापेक्षा चार-पाच नग आणा आणि मोजून जोडी जुळवा. १०० मिलीअँप स्थिर करंट द्या, ०.५ ते २ व्होल्ट चढायला किती सेकंद लागतात बघा. १० फॅरडला १५० लागायला हवेत. पाच टक्क्यांत जुळणारे दोन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्या की ऑनलाइन, ६०-७० सेकंदांत भरणारा '१० फॅरड' हमखास भेटतो, तो परत करा.

ओहमकार

कोऱ्या नगांचं ठीक. दोन वर्षांनी दोघांची गळती सारखी राहील याची खात्री काय? ज्यांच्या कॅमेऱ्यात जीपीएस आहे त्यांना घड्याळाची फिकीर नाही, उपग्रहाकडून वेळ येते. फक्त वेळपट्टा +५:३० ठेवायचा. त्यांनी रोध लावावेत. बाकीच्यांनी मिलीव्होल्ट यांचं ऐकावं आणि वर्षातून एकदा दोन्हींवरचं व्होल्टेज मोजावं. फरक ०.३ च्या वर गेला की जोडी बदला.

मिलीव्होल्ट

यावर मांडवली मान्य.

वायपर

तारीख चुकली तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर एवढंच सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. २०१८ ची तारीख छापलेली क्लिप घेऊन उभं राहिलात तर समोरच्या वकिलाला आयतं कोलीत. कार्डावरची मूळ फाइल न छाटता जपून ठेवा, तारीख दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

गिअरबॉक्स

आणि पार्किंग मोड?

डाखकाम

गेला. १५ ज्यूलमध्ये पार्किंग होत नाही. कॅमेरा गाडीच्या बॅटरीवर चालवणारं हार्डवायर किट लावा, फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागेतून वीज घेणारा जोड) घेऊन, आणि त्याचा कट-ऑफ, म्हणजे वीज तोडायची पातळी, १२ व्होल्टच्या खाली ठेवू नका. नाहीतर सकाळी धक्कास्टार्ट.

कारभारी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कारखान्यातूनच कॅपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. विओफो, ब्लॅकव्ह्यू, थिंकवेअर यांची तशी मॉडेलं आहेत.

ओहमकार

नवीनच घ्यायचा असेल तर जरूर तोच. पण तिथेही कॅपॅसिटर अमर नसतो. फॅरड तीस टक्क्यांनी घटले किंवा अंतर्गत रोध दुप्पट झाला की आयुष्य संपलं असं धरतात. लक्षण तेच, शेवटची क्लिप तुटते. फरक इतकाच की फुगून स्क्रीन उचलली जात नाही. आणि तिथे बदलणं फार सोपं. चार्जरची व्यवस्था कॅपॅसिटरसाठीच केलेली असते, तेवढेच फॅरड, तेवढेच व्होल्ट, तोच व्यास आणि उंची. डायोड-रोधाचा खेळ नाही.

नवशिका

सगळं वाचून मोजमाप केलंय. बॅटरी काढून नुसत्या ५ व्होल्टवर कॅमेरा नीट चालतो. बॅटरीच्या टोकांना बेंच सप्लाय (हवं ते व्होल्टेज देणारं यंत्र) लावून ५ व्होल्ट काढले आणि व्होल्टेज उतरवत नेलं, तर ३.५ ला बंद पडतो. ३.८ व्होल्टला ०.५५ अँप. पण सप्लाय ४.२ लाच ठेवून ५ व्होल्ट काढले तर पूर्ण बंद व्हायला १२ सेकंद लागतात. १० फॅरडची जोडी पुरेल ना?

मिलीव्होल्ट

या घडीला नाही. ०.५५ × ३.८ म्हणजे २.१ वॅट. १२ सेकंदांना २५ ज्यूल लागतील. तुमच्या ३.५ च्या मर्यादेत १० फॅरडची जोडी देते साडेतेरा, म्हणजे सहा-साडेसहा सेकंद.

पण १२ सेकंद फाइल बंद करायला लागत नाहीत. त्या वेळात स्क्रीनवर १०, ९, ८ अशी उलटी मोजणी दिसते का बघा. दिसत असेल तर मेनूत बंद होण्याचा विलंब शोधून ० करा आणि स्क्रीन एका मिनिटानंतर बंद होईल असं ठेवा. मग दोनेक सेकंद उरतील, म्हणजे साधारण सव्वाचार ज्यूल, आणि जोडी जुनी झाली तरी पुरून उरेल. विलंब बदलायची सोय नसेल तर २५ फॅरडची जोडी, आणि डायोडची वाट सक्तीची. ती भरायला अडीचपट वेळ धरा.

नवशिका

उलटी मोजणीच आहे. मेनूत ०, ५, १० असे पर्याय आहेत, १० वर होतं.

मिलीव्होल्ट

० करा. पुन्हा मोजा. मगच खरेदी.